घडी घातल्यावर ब्रोशरची मापं का बिघडतात: आतला फ्लॅप, पाठपोट जुळणी आणि घडीच्या रेघा

फाइल स्क्रीनवर नीट असते. सुटा कागद छापून येतो, तोही नीट दिसतो. घडी घातली की मात्र आतला फ्लॅप (आत मिटणारा भाग) टोकाला टेकून फुगतो, कव्हरच्या रंगाची बारीक पट्टी मागच्या पॅनेलवर (घड्यांमुळे पडलेल्या भागावर) उतरते, किंवा बाहेरची बाजू बरोबर येते आणि आतला मजकूर नेमका घडीत जातो. पुढच्या खेपेला तीच फाइल, तोच घोळ, आणि बोल लागतो घडी घालणाऱ्याला. घडीच्या मशीनमध्ये फरक पडतोच, पण तो साधारण अर्ध्या ते एक मिलिमीटरचा. त्याहून जास्त गेलं असेल, तर पॅनेलची विभागणी फाइलमध्येच चुकली असण्याची शक्यता जास्त.

खालची बहुतेक उदाहरणं आडव्या ए४ वरच्या तीन पॅनेलच्या ब्रोशरची आहेत: उघडं माप २९७ × २१० मिमी, घड्या दोन, दोन्ही बाजू मिळून सहा पॅनेल. दुसऱ्या घड्यांनाही हेच गणित, आकडे तेवढे वेगळे.

आधी पट्टी घ्या, फाइल नंतर

एक उघडी प्रत, एक घडी घातलेली प्रत आणि एक स्टीलची पट्टी लागेल. प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य बऱ्याचदा कडेपासून आत असतो; ते लक्षात न घेता मोजलं तर तिथेच दोन-तीन मिलिमीटर जातात.

पहिल्यांदा कागदाची एकूण लांबी मोजा. २९७ ऐवजी २७९ च्या आसपास भरली, तर डिझाइन लेटर मापाच्या टेम्प्लेटवर केलेलं आहे. लेटर म्हणजे २७९.४ × २१५.९ मिमी, आणि नेटवर फुकट मिळणारी कितीतरी टेम्प्लेट याच मापाची असतात. त्यात मोठी दोन पॅनेल ३ ११/१६ इंच, म्हणजे ९३.७ मिमी, आणि फ्लॅप ३ ५/८ इंच, म्हणजे ९२.१ मिमी असतो. असं डिझाइन ताणून ए४ वर बसवू नका. लांबी-रुंदीचं प्रमाणच वेगळं असल्याने घड्या जागेवर येणार नाहीत, शिवाय वर्तुळं लंबगोल होतील. नवी फाइल करून मजकूर त्यात हलवणं कमी त्रासाचं.

मग स्केल. फाइलमध्ये १०० मिमी असलेली कोणतीही रेघ किंवा चौकट छापील प्रतीवर मोजा. ९६-९७ मिमी भरली तर प्रिंट काढताना 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण २९७ वर ते जवळपास ९ मिमी होतात. ऑफिसच्या प्रिंटरला कागदाच्या कडेची ४-५ मिमी जागा छापता येत नाही, म्हणून ड्रायव्हर डिझाइन आकसून बसवतो. 'अ‍ॅक्चुअल साइझ' किंवा १०० टक्के निवडा. कडेपर्यंत रंग हवा असेल तर मोठ्या कागदावर छापून कापण्याला पर्याय नाही.

आता घडीची जागा. बाहेरची बाजू वर ठेवा आणि डाव्या कडेपासून दोन्ही घड्यांचं अंतर घ्या, वरच्या टोकाला एकदा आणि खालच्या टोकाला एकदा. वर ९७ आणि खाली ९८.५ येत असेल तर घडी तिरकी आहे: कागद मशीनमध्ये वाकडा गेला, किंवा कटिंग काटकोनात झालं नाही. त्यात फाइलचा दोष नाही. दोन्हीकडे ९७ येतंय आणि रंगाची हद्द ९९ वर आहे, तर घडी घालणाऱ्याने आपलं काम बरोबर केलं. डिझाइनमध्ये फ्लॅप लहान करायचा राहिला.

शेवटी प्रत उजेडासमोर धरा आणि दोन्ही बाजूंच्या कट मार्कचं (कापायच्या खुणांचं) अंतर पाहा. १ मिमीपर्यंतचा पाठपोट फरक डिजिटल छपाईत नेहमीचाच. २-३ मिमी असेल तर जॉब थांबवून रजिस्टर लावायला, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींवर जुळवायला सांगा, कारण अशा कागदावर कुठल्याही मापाची घडी एका बाजूला चुकीचीच दिसेल.

२९७ ला तीनने भागू नका

लेटर फोल्डमध्ये (वरच्या लेटर मापाशी याचा संबंध नाही) एक पॅनेल इतर दोन पॅनेलच्या आत मिटतं. ते इतरांएवढंच रुंद असेल तर पुढच्या घडीच्या कोपऱ्यात अडकतं, आणि दाबलं की वाकतं किंवा ब्रोशर पूर्ण मिटत नाही. म्हणून आतलं पॅनेल लहान ठेवायचं. किती लहान, हे आधी ठरवा आणि त्याला 'सूट' म्हणा:

मोठं पॅनेल = (उघडी लांबी + सूट) ÷ ३
फ्लॅप = मोठं पॅनेल − सूट

ए४ वर ३ मिमी सूट धरली की १००, १००, ९७ येतं. दीड मिमी धरली की ९९.५, ९९.५, ९८. दोन्ही बेरजा २९७. मिटलेलं माप नेहमी मोठ्या पॅनेलचं धरायचं, म्हणजे पहिल्या विभागणीत १०० × २१०. ११० × २२० च्या डीएल पाकिटात ते आरामात जातं.

सूट कागदाच्या जाडीमुळे ठेवतात असं सगळीकडे सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. १३० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे एक घडी जेमतेम दोन दशांश मिलिमीटर खाते. बाकीची मोकळीक लागते ती मशीनच्या फरकासाठी. घडीचं मशीन आडकाठीपासून किंवा आधीच्या घडीपासून अंतर मोजतं, त्यामुळे पहिल्या घडीचा फरक, दुसरीचा फरक आणि कटिंगचा फरक असे सगळे मिळून उरलेल्या पॅनेलवर जमा होतात. तयार ए४ रिममध्येही लांबीत २ मिमी कमी-जास्त आयएसओच्या मानकाला मान्य आहे. म्हणून पातळ कागद असला तरी १ मिमीच्या खाली उतरू नये. १०० जीएसएमपर्यंत १ ते १.५, १३० ते १७० ला २, त्यापुढे ३ मिमी, असा अंदाज चालतो. शंका असेल तर ३ घ्या. फ्लॅप ३ मिमी आखूड राहिला तर कोणाच्या डोळ्यावर येत नाही. अर्धा मिमी लांब राहिला तर गठ्ठ्यातली प्रत्येक प्रत फुगते.

छापखान्याचं स्वतःचं टेम्प्लेट मिळत असेल तर हे आकडे बाजूला ठेवून तेच वापरा. त्यांचं मशीन त्या मापावर लावलेलं असतं.

इनडिझाइन या पान मांडायच्या सॉफ्टवेअरच्या 'क्रिएट गाइड्स'मध्ये (गाइड म्हणजे मापासाठीच्या, न छापल्या जाणाऱ्या रेघा) तीन कॉलम आणि शून्य गटर (कॉलममधली मोकळी जागा) दिलं की ९९-९९-९९ येतात, आणि वर्डचे कॉलमही आपोआप सारखेच पडतात. चुकीचा उगम बहुधा इथे असतो. गाइड निवडून तिच्या एक्स खान्यात आकडा टाइप करा. माउसने ओढून जवळपास आणलेली गाइड ९६.८ वर बसते आणि त्याच फाइलमध्ये वर्षभर तशीच राहते.

आतली बाजू म्हणजे बाहेरच्या बाजूचा आरसा

सगळ्यांत जास्त वेळा परत येणारी तक्रार हीच: बाहेरून चोख, आतून ३ मिमी सरकलेलं. कागद उलटल्यावर डावीकडचं पॅनेल उजवीकडे जातं, त्यामुळे मापांचा क्रमही उलटतो. डावीकडून उजवीकडे:

बाहेरची बाजू: फ्लॅप ९७ | मागचं कव्हर १०० | पुढचं कव्हर १००. घड्या ९७ आणि १९७ वर.

आतली बाजू: १०० | १०० | फ्लॅपची पाठ ९७. घड्या १०० आणि २०० वर.

पहिल्या पानाच्या गाइड कॉपी करून दुसऱ्या पानावर पेस्ट केल्या, किंवा मास्टर पेजवर (सगळ्या पानांना लागू होणाऱ्या साच्यावर) एकदाच लावल्या, की आतली बाजू चुकलीच. दोन बाजूंना दोन स्वतंत्र मास्टर ठेवा आणि त्यांना 'बाहेर' व 'आत' अशी नावं द्या. 'पान १' आणि 'पान २' या नावांनी पुढे गोंधळ होतो.

मजकुराचा क्रमही इथेच तपासून घ्या. कव्हर उघडल्यावर वाचकासमोर डावीकडे आतलं पहिलं पॅनेल आणि उजवीकडे फ्लॅपची बाहेरची बाजू एकदम येते. म्हणजे फ्लॅप हे वाचनाच्या ओघातलं दुसरं पॅनेल असतं. पत्ता आणि फोन नंबर तिथे टाकले तर ते मजकुराच्या मध्ये येतात. ते मधल्या पॅनेलवर, मागच्या कव्हरवर जायला हवेत.

डमीशिवाय हे डोक्यात बसत नाही. कोरा ए४ घ्या, ९७ आणि १९७ वर घडी घाला, मिटलेल्या अवस्थेत वरच्या बाजूला 'पुढचं कव्हर' लिहा, मग एकेक उघडत प्रत्येक पॅनेलवर नाव आणि माप लिहा. उघडून टेबलावर ठेवलं की फाइलचा नकाशा तयार. दोन मिनिटांचं काम आहे.

आतली बाजू उलटी, डोकं खाली पाय वर अशी छापून आली असेल, तर तो मापाचा प्रश्न नाही. आडव्या पानासाठी पाठपोट प्रिंट काढताना 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडायचं असतं. घडी वरच्या बाजूला असलेल्या टेबलकार्डांचं वेगळं: त्यात दोन पॅनेलपैकी एक फाइलमध्येच १८० अंशांत फिरवावं लागतं.

मजकूर मधोमध ठेवला, तरी एका अंगाला दिसतो

ही खोड फार जणांना कळत नाही. समजा तीन सारखी ९९ मिमीची पॅनेल आहेत (झेड फोल्ड, म्हणजे झेड अक्षरासारख्या दोन उलट दिशांच्या घड्या), कडेला ८ मिमी मार्जिन आणि कॉलममध्ये ८ मिमी गटर. प्रत्येक कॉलम ८८.३ मिमीचा होतो, पहिल्या कॉलमचा मध्य डाव्या कडेपासून ५२.२ मिमीवर पडतो, तर पॅनेलचा मध्य आहे ४९.५ वर. जवळपास पावणेतीन मिलिमीटर मजकूर घडीकडे झुकला, आणि घडीपासून त्याचं अंतर उरलं फक्त २.७ मिमी. घडी गटरच्या बरोबर मध्यावर यायला हवी, म्हणून गटर नेहमी मार्जिनच्या दुप्पट हवं: मार्जिन ८, गटर १६, कॉलम ८३. मग मध्य बरोबर ४९.५, १४८.५ आणि २४७.५ वर येतात.

लेटर फोल्डमध्ये कॉलम सारखे राहणार नाहीत. १०० च्या पॅनेलवर ८४ आणि ९७ वर ८१ मिमीचा कॉलम ठेवा, मार्जिन सगळीकडे ८. घडीपासून ५ मिमीच्या आत अक्षर नको, कडेपासूनही नको.

रंगाची हद्द आणि घडी

घडीवरच रंग बदलत असेल तर १ मिमीचा फरकही उठून दिसतो. गडद निळं कव्हर आणि पांढरं मागचं पॅनेल असेल तर एक तर कव्हरवर पांढरी रेघ येईल, नाहीतर मागे निळी. घडीच्या रेघेवर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग) देता येत नाही, कारण तिथे कागद कापला जात नाही. मग करायचं काय? जिथे चूक कमी खटकेल तिकडे रंग मुद्दाम १ मिमी पुढे न्या. इथे निळा मागच्या पॅनेलवर. कव्हरवरची पांढरी रेघ लगेच दिसते, पाठीवरची निळी कड मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. त्याहून बरं म्हणजे हद्द घडीवर ठेवूच नये: रंग किंवा फोटो दोन पॅनेलवर सलग जाऊ द्या, किंवा हद्द घडीपासून १०-१५ मिमी आत घ्या. घडीला लागून बारीक चौकट काढणं तर सोडूनच द्या.

बाहेरच्या चारही कडांना ३ मिमी ब्लीड. पीडीएफ ३०३ × २१६ ची. घडीच्या खुणा कट रेघेच्या बाहेर तुटक रेघांनी. डिझाइनच्या आत घडीची रेघ काढून 'ही छापू नका' असं लिहिलेल्या फाइल छापून येतात, रेघेसकट. सहा पॅनेलची सहा सुटी पानं पाठवू नका, दोन पानी पीडीएफ द्या.

बाकीच्या घड्यांची मापं

झेड फोल्डमध्ये काहीही आत मिटत नाही, त्यामुळे ९९-९९-९९ चालतं. मात्र त्यात मागचं कव्हर आतल्या बाजूच्या शेवटच्या पॅनेलवर येतं, म्हणून लेटर फोल्डची फाइल ऐनवेळी झेडला वळवता येत नाही.

चार पॅनेलच्या रोल फोल्डमध्ये (पॅनेल एकात एक गुंडाळत जातात) सूट साठत जाते. ४२० मिमी लांबी आणि २ मिमी सूट असेल तर १०६.५, १०६.५, १०४.५, १०२.५. सगळ्यांत आतलं सगळ्यांत लहान.

गेट फोल्डमध्ये दोन दारं मध्यावर भेटतात, पण एकमेकांना टेकता कामा नयेत. ४२० वर मधलं पॅनेल २११ आणि दारं १०४.५ ची घेतली की मध्ये २ मिमी फट राहते. तेच गेट पुन्हा मधोमध मिटायचं असेल तर ही फट अपुरी: दारं मधल्या घडीत चिमटतात. तिथे १०४, १०६, १०६, १०४ घ्या, फट ४ मिमी होते. दोन दारांवर मिळून एकच लोगो किंवा चेहरा टाकायचा मोह टाळा. १ मिमीची वर-खाली चूकही डोळ्यात खुपते.

माप बरोबर, तरी घडी फुटते

घडीवर रंग तडकून पांढरे तंतू दिसत असतील तर कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा पाहा. घडी ग्रेनच्या दिशेने घातली तर सरळ बसते, आडवी घातली तर तंतू तुटतात. तयार ए४ कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा २९७ च्या बाजूने असतो आणि ब्रोशरच्या घड्या २१० च्या बाजूने, म्हणजे ऑफिसच्या कागदावर घडी जवळजवळ नेहमी ग्रेनला आडवी जाते. ८०-१०० जीएसएमला काही बिघडत नाही. १७० ला फुटते. एसआरए३ वर, ३२० × ४५० च्या शीटवर, दोन ए४ शेजारी बसवले की घड्या ४५० च्या बाजूला समांतर येतात, म्हणून तिथे लाँग ग्रेन (लांब बाजूला समांतर ग्रेन असलेली) शीट मागा. दिशा कळत नसेल तर कागद दोन्हीकडून फाडून बघा: ज्या दिशेला सरळ फाटतो, तो ग्रेन.

१७० जीएसएमच्या पुढे आधी क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून खाच पाडणं), मग घडी. क्रीझ केल्यावर एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. उंचवटा घडीच्या आत राहायला हवा. हाताने घडी घालणारे सवयीने खाचेच्या बाजूला मिटतात आणि नेमकी तिथेच घडी फुटते. लेटर फोल्डच्या दोन्ही घड्या एकाच दिशेने असल्याने क्रीझ एका बाजूनेच पुरते. झेडला दोन घड्यांसाठी दोन उलट दिशा लागतात, आणि हे क्रीझिंगवाल्याला लिहून द्यावं लागतं.

छापून झाल्यावर कळलं तर

दोन्ही बाजू ९९-९९-९९ वर केल्या असतील तर माल वाचतो. घडी घालायच्या आधी, उघड्या गठ्ठ्यात फ्लॅपची मोकळी कड २ मिमी कापून घ्या: बाहेरची बाजू वर असताना डावी कड. उरलेला कागद २९५ मिमी, घड्या ९७ आणि १९६ वर, पॅनेल ९७-९९-९९. रंगाच्या हद्दी दोन्ही बाजूंना घडीवरच येतात, कारण आतल्या बाजूला तीच कड उजवीकडे असते. फ्लॅपवरचा मजकूर १ मिमी सरकल्यासारखा होतो, तो कोणी मोजायला जात नाही. कडेला चौकट छापलेली असेल तर मात्र हा उपाय उपयोगाचा नाही.

दोन्ही बाजूंना ९७-१०० चीच विभागणी, म्हणजे आरसा विसरलेला, असेल तर कापून काही सुटत नाही. बाहेरच्या बाजूप्रमाणे घडी घाला. आतली जमीन सलग पांढरी किंवा एकरंगी असेल आणि मजकूर घडीपासून ५ मिमी दूर असेल, तर ३ मिमीचं सरकणं खपून जातं. फरक दोन्ही बाजूंना वाटून द्यावा म्हणून घडी मधल्या मापावर घालू नका. तसं केलं की पुढचं कव्हर मागच्यापेक्षा आखूड राहतं आणि प्रत हातात घेताच कळतं. आत पॅनेलनुसार वेगवेगळे रंग असतील तर पुन्हा छापणं एवढाच मार्ग उरतो, आणि छापखान्याला ती फाइल पाठवण्यापूर्वी एक प्रत १०० टक्के मापावर काढून, कापून, घडी घालून बघा.